‘पोरं मोबाइलमुळेच हलत नाहीत’ म्हणणाऱ्यांनी एकदा आपली गल्ली बघावी

इंदूरच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक लांबलचक मजकूर फिरतोय: ‘पालकांनो, परिसराला दोष देणं थांबवा’. त्याचं म्हणणं थोडक्यात असं. तेरा-चौदा वर्षांची पोरं मोबाइलमुळेच हलत नाहीत, मोहल्ला-बगीचा-रस्ता यांचा काही संबंध नाही. आमच्या लहानपणी मैदानं कुठे होती, तरी आम्ही खेळलोच ना? वयात आलेल्या मुलींना खेळाची ओढ निसर्गतःच राहत नाही, त्यांचा व्यायाम घरकामात होतो. आणि फारच वाटत असेल तर टाउनशिपमध्ये फ्लॅट घ्या.

माझ्या ताईनं हे वाचलं आणि भाचीचं संध्याकाळचं बॅडमिंटन बंद केलं. ‘डॉक्टरांनी लिहिलंय’ म्हणे. कुठल्या डॉक्टरांनी? खाली नाव नाही, एका अभ्यासाचा उल्लेख नाही. तरी चौदा वर्षांच्या मुलीची रॅकेट कपाटात गेली. त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही.

आधी मोबाइल. मोबाइल वेळ खातो, हे मान्य. आमच्याही घरात खातो. पण ‘मोबाइलमुळेच’? ‘लॅन्सेट’च्या बाल व किशोर आरोग्यविषयक नियतकालिकात २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. १४६ देश, ११ ते १७ वयाचे सुमारे १६ लाख शाळकरी विद्यार्थी. दिवसाला किमान एक तास दम लागेल अशी हालचाल, हा निकष. त्यांच्या अंदाजानुसार २००१ साली जगातली ८०.१ टक्के मुलं आणि ८५.१ टक्के मुली या निकषात कमी पडत होत्या. २००१! पहिला आयफोन आला २००७ मध्ये. २०१६ चे आकडे आहेत मुलं ७७.६ आणि मुली ८४.७ टक्के. भारतात मुलंमुली मिळून सुमारे ७४ टक्के, तेही २०१६ चेच, आणि आपल्याकडे जिओचा स्वस्त डेटा आला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात. हातात फोन नव्हता तेव्हाही जगात पाचातली चार पोरं पुरेशी हलत नव्हती, तर सगळं पाप फोनच्या माथी कसं मारता?

‘आमच्या काळी मैदानं नव्हती’ या वाक्याचा मला सगळ्यात राग येतो, कारण ते अर्धं खरं आहे. मैदान नव्हतं, गल्ली होती. लोकमान्य नगर, राजेंद्र नगर, रामबाग इथे वाढलेल्या कुणालाही विचारा. घरासमोरचा रस्ता हीच पिच, आणि चेंडू ज्याच्या ओट्यावर जाई त्या काकूंचा ओरडा ठरलेला. त्याच अभ्यासात म्हटलंय की भारत आणि बांगलादेशातले मुलगे त्यातल्या त्यात बरे दिसतात, त्याचं एक कारण क्रिकेट असावं, जे आपल्याकडे वस्ती-वस्तीत कुठल्याही औपचारिक सोयीशिवाय खेळलं जातं. वस्तीत, बरं का. म्हणजे परिसराचा संबंध नाही म्हणणाऱ्यांचं स्वतःचं बालपणच परिसराच्या जिवावर गेलंय. आज त्याच गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या उभ्या असतात. जुना बंगला पाडून तिथे तीन मजले उठलेत आणि गाड्या लावायच्या रस्त्यावर. बगीच्यात जावं तर फाटकावर पाटी, ‘गेंद खेलना मना है’. मैदानावर लग्नाचा मांडव. शाळा बायपासवर गेल्यात, पायी किंवा सायकलनं जाण्याचा प्रश्नच उरला नाही. पोरं सकाळी बसमध्ये बसतात, दुपारी बसमधून उतरतात आणि चारला भंवरकुआंच्या कोचिंगला जातात. त्यांनी खेळायचं कुठे आणि कधी, हे त्या मजकुरात शोधून सापडत नाही.

आता मुलींचं. या मुद्द्यावर मी सहज पुढे जाणार नाही, कारण यानं खरोखर नुकसान होतंय.

‘घरकामात व्यायाम होतो’ याला थोडा आधार आहे, तो लपवत नाही. भारत आणि बांगलादेशातल्या मुली इतर देशांतल्या मुलींपेक्षा किंचित जास्त हालचाल करताना दिसतात, आणि त्यामागे घरकाम असू शकेल असं संशोधकांनीच लिहिलंय. पण पुढचंही वाचा. ते सगळं काम धरूनसुद्धा आपल्याकडच्या चारातल्या जवळजवळ तिघी कमीच पडतात. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस नुसत्या तासाची नाही. आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारा जोरकस व्यायाम हवा, म्हणजे धावणं, उड्या मारणं, खेळणं. हाडांची मोठी भर याच वयात पडते. कणीक मळून आणि केर काढून ती पडत नाही. आणि घरकाम हा व्यायाम असेल तर तो भाच्यालाही द्या की!

‘ओढ राहत नाही’ हे तर धादांत खोटं. व्हिएन्नाच्या पालिकेला १९९० च्या दशकात दिसलं की साधारण नऊ-दहा वर्षांनंतर मुलींचं बागेत येणं थांबतं, मुलगे येत राहतात. ‘निसर्ग’ म्हणून त्यांनी हात झटकले नाहीत. १९९९ मध्ये शहराच्या पाचव्या भागातल्या दोन बागा बदलल्या. एकच मोठं मोकळं मैदान मुलग्यांचे गट बळकावत होते, ते लहान भागांत विभागलं, पायवाटा वाढवल्या, व्हॉलीबॉल आणि बॅडमिंटनला जागा दिली. मुली परत आल्या. त्याच वयाच्या मुली, त्याच शहरातल्या. बदलली होती फक्त बाग.

आमच्या भागातला बगीचा बघा. कोपऱ्यावर गुमटी, म्हणजे पानाची टपरी, तिथे संध्याकाळभर सिगारेटी ओढत उभे असलेले लोक, त्यांच्या समोरून जायचं. आतले दोन दिवे कधीचे बंद. झाडीकडे भटकी कुत्री. मुलींसाठी स्वच्छतागृह नाही, मग तासभर थांबणार कशी? भाची जायची तेव्हा गल्लीतल्या आणखी तिघी जायच्या. ही थांबली आणि आठवड्याभरात त्याही थांबल्या, कारण एकटीदुकटीला कुणी पाठवत नाही. एका घरातला एक मजकूर, आणि चार मुली घरात. याला निसर्ग म्हणायचं?

ताईची काळजी मी खोटी ठरवत नाही. अंधार तिनं पाडलेला नाही. पण अंधारावर उपाय दिवा असतो, मुलीला कोंडणं नसतं.

टाउनशिपबद्दल एवढंच: ज्यांना परवडते त्यांनी घ्यावी. शहरातली बाकीची पोरं काय करणार, हे लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नाही. आणि क्लब हाउस, बगीचा बघून फ्लॅट घ्यायला सांगणं म्हणजे परिसराचा संबंध असतो हे कबूल करणंच झालं.

हा मजकूर दहा जणांना पाठवा असं शेवटी लिहिलंय. त्याऐवजी आम्ही आमच्या वॉर्डाच्या पार्षदांना (नगरसेवकांना) अर्ज लिहिलाय. बगीच्यातले बंद दिवे सुरू करा, संध्याकाळी पाच ते सात चेंडू खेळू द्या आणि ती पाटी काढा, मुलींसाठी स्वच्छतागृह बांधा, आणि रविवारी सकाळी दोन तास आमच्या गल्लीत गाड्या लावणं बंद करा. शेवटच्या मागणीवर गाडीवाल्यांची कुरकुर सुरू झालीये, त्यामुळे सह्या जितक्या जास्त तितकं बरं. अर्ज माझ्याकडे आहे, ताईची सही अजून व्हायची आहे.