सोमेश्वराचा जावई

गणपतीत पुण्याहून भाचा आला आणि जाताना माझ्या लॅपटॉपवर 'क्रुसेडर किंग्ज थ्री' हा खेळ टाकून गेला. "मामा, रिटायर झाल्यापासून बेळगावच्या शहापुरात बसून नुसता पेपर वाचतोस. जरा राज्य कर."

मला वाटलं, घोडे पळवायचे, किल्ले घ्यायचे, झालं. पहिल्या रात्री साडेअकरापर्यंत एक घोडा हलला नाही. मी वाचत होतो. ह्या खेळात शब्दावर माउस नेला की एक चौकट उघडते. त्या चौकटीत पुन्हा रंगीत शब्द, त्यावर माउस नेला की तिच्या पोटातून दुसरी. चौथ्या चौकटीत पोचलो तेव्हा पहिलीत कशासाठी शिरलो होतो तेच आठवेना. आमच्या खानापूरच्या शेताचा उतारा कानडीत येतो, तोसुद्धा एका चहात कुणीतरी समजावून देतं.

शिकवणी आयर्लंडमध्ये, साल 1066. मी म्हणजे मुन्स्टरचा राजा मुर्चाद. शेजारचा परगणा घ्यायचा तर नुसती तलवार चालत नाही, आधी हक्क दाखवावा लागतो. नसेल तर दरबारच्या धर्मगुरूला तिकडं पाठवायचं, तो कुठूनतरी कागद तयार करून आणतो. चक्क बनावट कागद! आणि देवाच्या माणसाकडून! तोही लवकर होईना. मी कुरकुरलो, तर मागं शेंगा सोलत बसलेली आई म्हणाली, "येवढ्यात रडालास? आपला दावा 1956 पासनं चाललाय की."

लढाई मला तशी जमली. जमला नाही तो राजाचा स्वभाव. ह्यात प्रत्येकाला स्वभाव असतो आणि त्याच्या विरुद्ध वागलं की ताण चढतो. माझा एक राजा दयाळू निघाला. कट करणाऱ्या सरदाराचं मी मुंडकं उडवलं, तर सरदाराचं जे व्हायचं ते झालंच, पण ह्यानंही हाय खाल्ली. पुढं तो पिऊ लागला. त्याचा ताण उतरवायला मी मेजवानी ठेवली, खजिना रिकामा झाला, आणि मग ताण मला आला. रक्तदाबाची गोळी रात्री दीडला घेतली.

शेवटी म्हटलं, आयर्लंड मरू दे, आपलाच मुलूख घेऊ. त्याच 1066 मध्ये इकडं कल्याणीच्या चालुक्यांचा पहिला सोमेश्वर गादीवर. आई चष्मा लावून जवळ आली. "बेळगाव कुठल्या राज्यात दाखवलंय बघ आधी."

"आई, ना इकडं ना तिकडं. चालुक्यांकडं."

"मग लागला म्हण निकाल," म्हणून ती खुर्ची ओढून बसलीच.

सोमेश्वर थोडक्यात आटपला. खरा सोमेश्वरही 1068 मध्ये आजाराला कंटाळून तुंगभद्रेत शिरला होता, म्हणून मी फारसं मनाला लावून घेतलं नाही. पण ह्या खेळात सुरुवातीला राजा मेला की राज्य पोरांत वाटलं जातं! सगळी जुळवाजुळव एका क्लिकात धाकट्याच्या नावावर. मी भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, "मामा, खऱ्या इतिहासात 1076 मध्ये विक्रमादित्यानं थोरल्या भावाला बाजूला सारून गादी घेतलीच की."

"सख्ख्या भावाला?" आईनं विचारलं, आणि माझ्याकडं असं बघितलं, जसा काही बांध मीच कोरला होता.

मग लग्नांचं खातं आईनं घेतलं. एकेक स्थळ उघडायला लावायची. वय, घराणं, अंगातले गुण. एक हुशार राजपुत्र तिनं केवळ 'खादाड आहे' म्हणून परत पाठवला. माझ्या मुलीसाठी अखेर दक्षिणेतलं तालेवार स्थळ ठरलं, त्यासोबत युती झाली, आणि लगेच शेजाऱ्यानं हल्ला केला. जावयाला हाक घातली. तो हो म्हणाला, सैन्य घेऊन निघालाही, आणि हद्दीशी येऊन उभा राहिला. आम्ही इकडं कापले जातोय, हा तिकडं गवत बघतोय. मी टेबलावर मूठ आपटली.

आईनं सोललेल्या शेंगांचं ताट बाजूला सरकवलं. "लग्नात मांडे केले होतेस काय?"

"त्यात मांडे कुठं असतात, आई!"

"मग कशाला येतोय तो लढायला?"