वजीर आहे म्हणजे डाव जिंकलाच, हे खरं नाही

एका बाजूला (पांढऱ्याकडे) राजा-वजीर, दुसऱ्या बाजूला (काळ्याकडे) राजा आणि वजीर व्हायला एकच घर उरलेलं प्यादं. या शेवटाबद्दल एक सल्ला फार फिरतो: "वजीरच जिंकतो, प्यादं कोणतंही असो. नुसते शह देत राहा. आपला राजा कुठेही असला तरी चालतं." मुलांना बुद्धिबळ शिकवताना या सल्ल्यापायी हातचे डाव गेलेले मी पाहिलेत, म्हणून एकेक वाक्य घेतो.

"प्यादं कोणतंही असो." इथेच घोळ आहे. मधली (पटाच्या डी, ई या उभ्या रांगांतली) आणि घोड्याची (बी, जी) प्यादी वजिरापुढे सहसा टिकत नाहीत. हत्तीचं (ए, एच) आणि उंटाचं (सी, एफ) प्यादं मात्र, पांढरा राजा लांब असेल तर, डाव वाचवतं. काळा राजा बी१ वर, प्यादं सी२ वर घ्या. पांढरा वजीर बी३ वर येऊन शह देतो. काळा राजा प्यादं उघडं टाकून ए१ च्या कोपऱ्यात जातो! आता सी२ चं प्यादं मारलं की काळ्याला शह नाही आणि हलायला घरही नाही. स्टेलमेट, डाव बरोबरीत. माझ्या एका विद्यार्थिनीने हेच प्यादं विचार न करता मारलं होतं. समोरच्याने हात पुढे केला तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. एवढा वेळ जिंकत असलेल्या मुलीचा तो चेहरा मी विसरलेलो नाही.

हत्तीच्या प्याद्याचंही तसंच. प्यादं ए२ वर, काळा राजा ए१ वर, वजीर बी३ वर, खेळी काळ्याची: पुन्हा स्टेलमेट. म्हणून वजिराला पकड सैल करावी लागते आणि राजा जवळ आणायला सवड मिळत नाही.

"नुसते शह देत राहा." शह कशासाठी द्यायचे, हे या वाक्यात नाही. काळा राजा डी२ वर, प्यादं ई२ वर, पांढरा राजा दूर कोपऱ्यात. वजीर डी४, शह. राजा सी२. आता शह न देता वजीर ई३, प्याद्यावर हल्ला. ते वाचवायला राजा डी१. वजीर डी३, शह. राजाला ई१ वर, स्वतःच्याच प्याद्यापुढे, उभं राहावं लागतं. सी१ वर गेला तर प्यादं जातं. आता प्यादं अडलं आणि आपल्याला एक खेळी मोकळी मिळाली. ती राजाला द्यायची, एक घर जवळ. मग काळा राजा एफ२ वर निसटला की पुन्हा तीच कसरत. नुसते शह दिले असते, तर पांढरा राजा जागचा हललाच नसता.

"राजा कुठेही असला तरी चालतं." हे सगळ्यात वाईट. अर्धवट माहिती असलेले लोक याच्या उलट टोकाला जातात: ए किंवा सी प्यादं दिसलं की लगेच बरोबरी मान्य करतात. तेही चूक. पांढरा राजा बी४, वजीर ई२, काळा राजा बी१, प्यादं ए२, खेळी पांढऱ्याची. राजा बी३! प्याद्याचा वजीर होऊ दे, वजीर सी२ वर येतो आणि मात. काळ्याने वजिराऐवजी घोडा केला तर शह बसतो खरा, पण राजा सी३ वर जातो आणि मात टाळायला काळ्याकडे उपाय उरत नाही. उलट, आपलाच राजा वजिराच्या वाटेत आडवा असेल तर कधी कधी मधलं प्यादंसुद्धा सुटतं.

हे कुणाच्या शब्दावर मानायची गरज नाही. सात मोहऱ्यांपर्यंतचे शेवट संगणकाने पूर्ण सोडवलेले आहेत, इथे तर चारच आहेत. पुढच्या वेळी तो सल्ला पाठवण्याआधी सी२ वरचं प्यादं आणि लांबचा राजा टेबलबेसमध्ये, म्हणजे अशा सोडवलेल्या शेवटांच्या संगणकी संग्रहात, मांडून बघा.