तांबडी आपली

आज दुपारपासून डोकं सणकलंय.

एका साखरपुड्याला गेलो होतो. माझा भाचा नऊ वर्षांचा, लिव्हरपूल या इंग्लंडच्या फुटबॉल क्लबची लाल जर्सी घालून आलेला. पाठीवर त्यांचा खेळाडू जोटाचं नाव आणि २० नंबर. ताई नको म्हणत होती, पण पोरगं हट्टाला पेटलं. पंगतीत एका पाहुण्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "काय रे, हे लिव्हरपूल कुठं आलं? कधी गेलायस काय? आपल्या पेठेतल्या चार खेळाडूंची नावं सांग बघू." पंगत हसली. पोरगं काही बोललं नाही. हात धुवून आलो तर त्यानं जर्सीवर शर्ट चढवलेला, बटणं गळ्यापर्यंत लावलेली.

दुसऱ्याचं कार्य, म्हणून तिथं गप्प बसलो. इथं बसणार नाही.

वर्ल्ड कप आला की आपल्या कोल्हापुरात गल्लोगल्ली ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे लागतात, मेस्सीचे कटआउट उभे राहतात. तेव्हा कुणी विचारतं का, मेस्सीच्या गावाला, रोझारिओला जाऊन आलास का म्हणून? मग नऊ वर्षांच्या पोराचीच परीक्षा कशाला?

मी २००१ पासून लिव्हरपूलचा. आठवीची सुट्टी, शेजारच्यांची केबल, एफए कपची फायनल. आर्सेनल पुढं होतं आणि शेवटच्या सात-आठ मिनिटांत मायकेल ओवेननं दोन गोल मारून मॅच फिरवली. त्या दिवशी जे लागलं ते लागलं.

पण खरा सांगायचा तो २००५ चा मे. चॅम्पियन्स लीगची इस्तंबूलची फायनल, आपल्याकडं रात्री सव्वाबाराला सुरू. माझा बारावीचा निकाल यायचा होता, घरात वातावरण तंग. टीव्हीचा आवाज पूर्ण बंद करून बघत होतो. हाफटाइमला मिलान ३, लिव्हरपूल ०. रिमोट हातात घेतला, तेवढ्यात आप्पा पाणी प्यायला उठले. आप्पा मंगळवार पेठेतले, पाटाकडील तालमीच्या फुटबॉल टीमचे पक्के, शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर अर्धं आयुष्य गेलेलं. मला वाटलं आता बोलणी बसणार. त्यांनी स्कोअर बघितला आणि म्हणाले, "हरायला लागली म्हणून उठायचं व्हय रं? बस खाली." तांब्या घेऊन स्वतःच शेजारी बसले. मग विचारलं, "तांबडी आपली न्हवं?"

आपली म्हणाले. एक खेळाडू माहीत नसलेला माणूस.

क्लबचे मालक अमेरिकेतले, खेळाडू जास्त पैसा मिळेल तिकडं जातात, हे सगळं मान्य. पण मी मालकांच्या मागं नाही, त्या गावाच्या मागं आहे. १९८९ साली शेफिल्डच्या हिल्सबरो स्टेडियमवर लिव्हरपूलची मॅच बघायला गेलेली ९७ माणसं चेंगरून गेली. पोलिसांनी दोष प्रेक्षकांवर ढकलला आणि 'द सन'नं तेच खोटं पहिल्या पानावर छापलं. त्या गावात आजही कित्येक दुकानं तो पेपर ठेवत नाहीत. प्रेक्षकांची काही चूक नव्हती, हे ज्यूरीकडून वदवून घ्यायला घरच्यांना २०१६ पर्यंत भांडावं लागलं. २७ वर्षं! हे ज्याला माहीत आहे त्याला नकाशा विचारू नका.

तर त्या रात्री. जेरार्डचा हेडर, मग श्मित्सर, मग अलोन्सो. सहा मिनिटांत ३-३. मला ओरडता येईना, आई उठली असती. एक्स्ट्रा टाइमच्या शेवटी मिलानच्या शेवचेंकोचे लागोपाठ दोन फटके आपला गोलकीपर डुडेकनं अडवले, तेव्हा आप्पांनी माझ्या मांडीवर अशी थाप मारली की पाची बोटं उठली. पेनल्टीवर जिंकलो तेव्हा पहाटेचे तीन वाजत आले होते. आप्पा म्हणाले, "झोप आता." बस. निकालाची धास्ती त्या रात्रीपुरती तरी गेली होती.

२०२० च्या जूनमध्ये तीस वर्षांनी इंग्लंडची लीग जिंकली. लॉकडाऊन, बाहेर चिटपाखरू नाही, आणि आप्पांना जाऊन दोन वर्षं झालेली. घरी कुणाची झोपमोड होणार नव्हती, तरी आवाज बंदच ठेवला होता मी. शेजारची खुर्ची रिकामी. रडलो, सांगायला लाज नाही.

पाहुण्यांचं एक खरं आहे. शाहू स्टेडियमवर गेल्या दोन वर्षांत मी गेलेलो नाही. जायला पाहिजे होतं. पण हे त्या पोराला हिणवून सांगायचं नसतं.

येताना भाचा गाडीत माझ्या शेजारी बसला होता. जोटा २०२५ च्या जुलैमध्ये स्पेनमध्ये गाडीच्या अपघातात गेला, बरोबर त्याचा सख्खा भाऊ. लग्न होऊन अकरा दिवस झाले होते. भाचा म्हणाला, "मामा, २० नंबर आता कुणालाच देणार नाहीत ना?" म्हटलं, नाही, क्लबनं तसं जाहीर केलंय. बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसला. मग शर्टाची वरची दोन बटणं काढली.

स्टेडियमवर आता पुढची मॅच असेल तेव्हा त्याला घेऊन जाणार आहे. पाटाकडीलच्या बाजूला, आप्पा बसायचे त्याच पायऱ्यांवर. जर्सी हीच घालायची, सांगून ठेवलंय.