‘दुखू द्या, गोळी देऊ नका’ म्हणणारा तो मेसेज

मुलाच्या दातांना तारा किंवा प्लेट बसवली की पालकांच्या फोनवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. मी ऑर्थोडॉन्टिस्टच्या, म्हणजे वेडेवाकडे दात सरळ करणाऱ्या डॉक्टरांच्या, दवाखान्यात खुर्चीशेजारी उभं राहून काम करते, त्यामुळे तो मला आता जवळपास पाठ झालाय. बाहेर बसलेली एखादी आई मोबाइल पुढे करते आणि विचारते, “ताई, हे खरं आहे का हो?”

मेसेजचा मजकूर थोडक्यात असा: मुलाला आधी काही सांगू नका, घाबरेल. दुखलं तर दुखू द्या, गोळी दिली की दात सरकायचे थांबतात. काढता येणारी प्लेट पहिले पंधरा दिवस फक्त रात्री घाला. बोलताना काढून ठेवा, नाहीतर मूल कायमचं बोबडं बोलायला लागेल. टाळूतल्या स्क्रूमुळे पुढच्या दातांत फट पडली तर स्क्रू फिरवणं ताबडतोब बंद करा. टोचलं तर लक्ष देऊ नका, तोंड आतून आपोआप घट्ट होतं. आणि शेवटी, ऊठसूट डॉक्टरांना फोन करू नका.

यातलं बहुतेक काही निव्वळ थापा नाहीत. बऱ्याच वाक्यांत खऱ्याचा एखादा कण आहे, म्हणून तर तो इतका फिरतो. पण जिथे मुलाला सूट द्यायची तिथे हा मेसेज ताणून धरतो आणि जिथे धरून ठेवायचं तिथे सैल सोडतो. माझी तक्रार एवढीच आहे, आणि ती चांगली मोठी आहे.

“दुखू द्या, गोळीने दात सरकणं थांबतं”

दाताचं मूळ थेट हाडाला चिकटलेलं नसतं. मधे तंतूंचा एक पातळ थर असतो, जाडी साधारण पाव मिलिमीटर किंवा त्याहून कमी. साधनाचा, म्हणजे तारांचा किंवा प्लेटचा, दाब आला की एका बाजूला हा थर चेपला जातो, तिथला रक्तपुरवठा थोडा अडतो आणि प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायनं सुटतात. त्यांच्यामुळे ठणका लागतो, आणि हाड विरघळवणाऱ्या पेशी कामाला लागतात त्याही त्यांच्यामुळेच. अ‍ॅस्पिरिनच्या जातीची औषधं ही रसायनं तयारच होऊ देत नाहीत, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं. १९८२ च्या नोबेल पुरस्कारात त्यांचा वाटा या कामासाठीही होता. मेसेज लिहिणाऱ्याने यातलं अर्धं कुठेतरी वाचलेलं दिसतंय. प्राण्यांवरच्या प्रयोगांत याच जातीची आयबुप्रोफेनसारखी औषधं सलग देत राहिल्यावर दात सरकण्याचा वेग मंदावलेला दिसला आहे, हेही खरं. पण इथे कोणी महिनोन्‌महिने गोळ्या द्यायला सांगत नाहीये. प्रश्न पहिल्या दोन-तीन दिवसांतल्या मोजक्या मात्रांचा आहे. शिवाय पॅरासिटामॉलने तसा परिणाम होताना दिसत नाही, म्हणून बरेच डॉक्टर तेच सुचवतात.

बरं, दुखणं म्हणजेच दात सरकणं, हे गणितही बसत नाही. साधन बसवल्यावर काही तासांनी दुखायला लागतं, दुसऱ्या दिवशी ते सगळ्यात जास्त असतं आणि आठवडाभरात ओसरतं. दात मात्र पुढे कित्येक आठवडे, महिन्याला साधारण एक मिलिमीटर या चालीने सरकत राहतात. दुखणं हे कामाचं माप असतं, तर दुसऱ्या आठवड्यात उपचार बंद पडले असते.

मुलाला रडत ठेवून काय मिळतं तेही बघा. ठणकणाऱ्या तोंडाने मूल जेवत नाही, झोपत नाही, ब्रश टेकवू देत नाही आणि प्लेट असेल तर काढून फेकतं. तेव्हा डॉक्टरांकडून निघतानाच विचारून घ्या: कोणतं औषध, मुलाच्या वजनाला किती, किती तासांनी. पहिली मात्रा दुखणं टिपेला जायच्या आत दिलेली बरी. अ‍ॅस्पिरिन मात्र मुलांना नको. त्यामुळे क्वचित का होईना, रेज सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूवर घाला घालणारा आजार होऊ शकतो. हिरडी बधिर करणारी मलमंही आपल्या मनाने चोळू नका. पहिले काही दिवस जेवण मऊ असू द्या, घास लहान करून द्या. गार पाण्यानेही बरं वाटतं.

“पहिले पंधरा दिवस फक्त रात्री”

हे वाचलं की माझं डोकं फिरतं. मुलावर दया केल्यासारखं वाटतं, पण त्याचे हाल दुप्पट होतात.

प्लेट रात्री घातली, दात थोडे सरकले. दिवसभर काढून ठेवली, ते मागे फिरले. रात्री पुन्हा घातली की कालचीच कळ नव्याने. म्हणजे जे दुखणं आठवड्यात संपायचं, ते रोज रात्री पहिल्यापासून सुरू होतं. जीभ आणि गालांनाही सवय लागत नाही, कारण सवय लागायला ती वस्तू तोंडात असावी लागते ना! चार-सहा दिवस नाद सोडला तर प्लेट बसेनाशीही होते.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. काही साधनांसाठी काही ऑर्थोडॉन्टिस्ट स्वतःच सुरुवातीचे दिवस तास वाढवत नेतात. आणि पूर्ण दिवस घालायची सगळीच साधनं नसतात. ट्विन ब्लॉकचं उदाहरण घ्या. मागे राहिलेल्या खालच्या जबड्यासाठी १९७७ मध्ये स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी काढलेला हा वरच्या-खालच्या दोन प्लेटांचा जोड जेवतानाही तोंडात ठेवण्यासाठीच होता. आज काही डॉक्टर तो दिवसातले बारा तासही सांगतात. तेव्हा तास किती, हा डॉक्टरांचा निर्णय. फोनवर आलेल्या मजकुराने तो बदलू नये, एवढंच.

तास पाळले जातात का, हा वेगळाच भाग. प्लेटमध्ये तापमान टिपणारे बारीक सेन्सर बसवून पाहिलं, तेव्हा मुलं सांगितलेल्या वेळेपेक्षा बरीच कमी वेळ साधन घालतात हे उघड झालं, आणि घरचे व मुलं सांगतात ते तास प्रत्यक्षापेक्षा जास्त असतात हेही. म्हणून “घातलीस का? घातलीस का?” असा दिवसभर धोशा लावण्याऐवजी मुलाच्याच हातात तक्ता द्या. काढली ती वेळ, घातली ती वेळ, बस. बक्षीस द्यायचं असेल तर तास भरल्याचं द्या. “रडला नाहीस म्हणून” दिलेलं बक्षीस मला पटत नाही. मूल दुखणं लपवायला शिकतं.

आणि प्लेटची डबी. काढलेली प्लेट एकतर तोंडात नाहीतर डबीत, तिसरी जागा नाही. जेवताना कागदी रुमालात गुंडाळून ताटाशेजारी ठेवलेली प्लेट कचऱ्यात जाते, हे मी इतक्यांदा ऐकलंय की रडवेला चेहरा दारात दिसला की मीच म्हणते, “रुमाल?” गरम पाण्याने धुवू नका, अ‍ॅक्रिलिक वाकडं होतं.

“बोलताना काढा, नाहीतर बोबडं होईल”

उलटं आहे. स, श, च, ज म्हणताना जीभ टाळूच्या पुढच्या भागाशी जाते आणि तिथे आता प्लेटचा उंचवटा असतो. जिभेला नवी जागा सापडेपर्यंत उच्चार फुसफुसतात. ती जागा बोलूनच सापडते. बहुतेक मुलं काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत सरावतात. बोलताना दरवेळी प्लेट काढणारं मूल महिन्यानंतरही तिथेच अडकलेलं असतं.

आमच्याकडे प्लेट बसवली की मी मुलाला आरसा देते आणि “चटईला टाचणी टोचली” म्हणायला लावते. पहिल्या खेपेला थुंकी उडते, सगळे हसतात, मूलही हसतं. घरी रोज दहा-पंधरा मिनिटं मोठ्याने वाचायला लावा, हळूहळू. लाळ जास्त सुटते तीही घाबरण्यासारखी नाही. तोंडाला वाटतं काहीतरी खायला आलंय. गिळत राहायचं, दोन-चार दिवसांत कमी होते. वर्गात कोणी चिडवेल अशी धास्ती असेल तर बाईंना आधी कळवून ठेवा, आणि जमलं तर साधन सुट्टीच्या आदल्या दिवशी बसवून घ्या.

“फट पडली तर स्क्रू थांबवा”

या एका ओळीने खरं नुकसान होतं.

अरुंद टाळू रुंद करणाऱ्या एक्सपांडरमध्ये मधोमध स्क्रू असतो. लहान मुलांत वरच्या जबड्याची दोन अर्धी टाळूच्या मध्यरेषेवर अजून पक्की जुळलेली नसतात. स्क्रू ती हळूहळू दूर करतो. एका वेळी पाव फेरा, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर. दोन्ही अर्धी दूर गेली की त्यांच्यावर बसलेले पुढचे दोन दातही दूर होतात. म्हणजे फट दिसणं ही टाळू उघडत असल्याची खूण आहे. इमर्सन एंजेल या अमेरिकन दंतवैद्याने १८६० मध्ये एका मुलीचा जबडा असा रुंद केल्याचं लिहिलं, तेव्हा त्यानेही याच फटीकडे बोट दाखवलं होतं, आणि त्याच्या अनेक सहकाऱ्यांचा त्यावर विश्वास बसला नव्हता. हिरडीतले ताणलेले तंतू पुढे ते दात पुन्हा जवळ ओढतात. बरेचदा फट आपली आपण भरत येते.

अर्धवट थांबलं तर रुंदी अर्धवटच मिळते. म्हणून फटीची कल्पना मुलाला आधीच द्या, नाहीतर आरशात पाहून भेदरतं.

फिरवताना: मुलाला आडवं करा, डोकं मागे, तोंडावर चांगला उजेड. चावीला दोरा बांधा आणि तो आपल्या बोटाला गुंडाळा, म्हणजे हातून सुटली तरी घशात जाणार नाही. चावी पुढच्या भोकात घाला, घशाच्या दिशेने शेवटपर्यंत ढकला, पुढचं भोक पूर्ण दिसलं पाहिजे. मग चावी मागच्या बाजूनेच बाहेर काढा. पुढे ओढलीत तर फिरवलेलं परत येतं. नाकाच्या मुळाशी, डोळ्यांखाली थोडा वेळ दाब जाणवतो, तो ओसरतो.

“आधी सांगू नका”

मुलाला फसवलं गेल्याचं लगेच कळतं, आणि पुढच्या वेळी ते तोंड उघडत नाही. “काही दुखणार नाही” हे तर त्याहून वाईट. “बसवताना दुखत नाही. रात्री आणि उद्या दुखेल, मग कमी होत जाईल, आणि आपल्याकडे औषध आहे,” एवढं पुरतं. साधन आधी हातात घेऊन पाहू द्या, आणि प्लेट असेल तर घालणं-काढणं दवाखान्यातच मुलाकडून करून घ्या. प्लेट बोटांनी बसवायची, चावून बसवायची नाही. काढताना दोन्ही बाजूंच्या तारेच्या आकड्यांना धरून काढायची. आईच्या हातून घालून घेणारं मूल शाळेत एकटं पडतं.

“टोचलं तर लक्ष देऊ नका”

गाल आतून सरावतो हे खरं, पण तोवर छाले येतात. वॅक्स, म्हणजे टोचणाऱ्या जागी लावायचं मऊ मेण, त्यासाठीच असतं. वाटाण्याएवढा तुकडा बोटांत मळायचा, ब्रॅकेट (दाताला चिकटवलेला, तार धरणारा तुकडा) कापसाने कोरडं करायचं आणि दाबून बसवायचा. ओल्यावर तो टिकत नाही, आणि पालक नेमके तिथेच चुकतात. जेवताना पोटात गेला तर काही बिघडत नाही. कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून चुळा भरल्या की छाल्यांना आराम पडतो. मागच्या दाढेपाशी तारेचं टोक बाहेर आलं असेल तर पेन्सिलच्या मागच्या स्वच्छ खोडरबराने हलकेच दाबून पाहा, पक्कड नको. प्लेट टोचत असेल तर घरी घासत बसू नका.

दुखतंय म्हणून ब्रश मात्र सोडू नका. ब्रॅकेटभोवती किटण साचलं तर महिन्याभरात दातावर पांढरे डाग उमटू शकतात, आणि ते तारा काढल्यावरही राहतात.

“ऊठसूट फोन करू नका”

करा. साधन बसवल्याच्या दिवशी दवाखान्यातून घरी नुसती चौकशी केली तरी मुलं दुखणं कमी असल्याचं सांगतात, असं अभ्यासांत दिसलं आहे. फोन आला की आमचं काम वाढतं, पण तुटलेली प्लेट घरी चिकटपट्टीने जोडून आणली की त्याहून जास्त वाढतं.

आठवडा उलटूनही ठणका कमी नाही, छाला दोन आठवड्यांत भरला नाही, बँड (दाढेभोवतीचं कडं) हलतोय, प्लेट बसत नाहीये, तार गालात रुतलीय: त्याच दिवशी कळवा. चेहरा सुजला किंवा ताप आला तर थांबूच नका. एखादा तुकडा घशात गेला आणि मूल खोकतंय, श्वास घ्यायला त्रास होतोय, तर दवाखान्याला फोन लावत बसायचं नाही, थेट इस्पितळ गाठायचं. आणि स्क्रूचे दोन-तीन दिवस राहून गेले असतील, तर एका बैठकीत सगळे फेरे फिरवून हिशेब पुरा करायला जाऊ नका. आधी विचारा, मग चावी हातात घ्या.