लॅपटॉपची स्क्रीन बंद केली की नेमकी किती वीज वाचते?

“स्क्रीन बंद केली की लॅपटॉप काम करत राहतो आणि वीज जवळजवळ खातच नाही. काळा वॉलपेपर लावा, ब्राइटनेस शून्य करा नाहीतर झाकण मिटा, सगळं सारखंच. लाइट बिलही निम्मं येतं.” जळगाव-धुळ्याकडे लाइट जायला लागली की हा सल्ला हमखास फिरतो. त्यातली एकच गोष्ट अर्धवट खरी आहे, आणि तिच्या जोरावर बाकीच्या खपून जातात.

वीज खातच नाही, हे चूक. 14-15 इंची एलसीडी स्क्रीनच्या मागची एलईडी बॅकलाइट ब्राइटनेसप्रमाणे साधारण 2 ते 5 वॉट घेते. ती विझली तरी प्रोसेसर, रॅम, एसएसडी, वायफाय जागेच असतात. त्यामुळे फायदा ठरतो तो कामावरून. रात्री नुसतं डाउनलोड चालू असेल आणि लॅपटॉप एकूण 9 वॉट घेत असेल, तर स्क्रीन बंद केल्यावर 5 उरतात. 45 वॉट-तासांची बॅटरी 5 तासांऐवजी 9 तास पुरते. लाइट नसलेल्या रात्री हा फरक खरोखर मोठा आहे. पण लग्नाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावलेला लॅपटॉप 35 वॉट ओढत असेल, तर तेच 4 वॉट वाचून 77 मिनिटांची जेमतेम 87 होतात. अशा वेळी स्क्रीन बंद करून झोपलात तर एक्सपोर्ट अर्ध्यातच मरणार.

बिलाचं म्हणाल तर 4 वॉट रोज 8 तास वाचवले, तरी 30 दिवसांत 0.96 युनिट. 75 वॉटचा छताचा पंखा तेवढी वीज 13 तासांत खातो.

काळ्या वॉलपेपरने एलसीडीत काही वाचत नाही, कारण मागचा दिवा तसाच जळत असतो आणि समोरचे पिक्सेल फक्त त्याचा उजेड अडवतात. ओलेड स्क्रीनवर मात्र हा उपाय चालतो. तिथे काळा पिक्सेल म्हणजे विझलेला पिक्सेल. ब्राइटनेस शून्य केल्यावरही बहुतेक लॅपटॉपची बॅकलाइट मंद चालूच राहते. खोलीत अंधार करून बघा: काळी स्क्रीन राखाडी झळकली तर दिवा चालू आहे.

खरी बंद करायची तर विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, सिस्टम, पॉवर अँड बॅटरी इथे जा. बॅटरीवर असताना स्क्रीन बंद व्हायची वेळ 1 मिनिट ठेवा आणि स्लीपला ‘नेव्हर’ निवडा. स्लीप विसरलात तर डाउनलोड मध्येच थांबतं, आणि लोक दोष नेटला देतात. स्क्रीन पुन्हा पुन्हा उजळत असेल तर माउस उलटा ठेवा. पंख्याच्या वाऱ्याने हलणाऱ्या चादरीवरही तो जागा होतो. व्हिडिओ चालू असेल तर प्लेअर स्क्रीन बंदच होऊ देत नाही. पहिल्यांदा करताना दहा मिनिटांनी डाउनलोड पुढे सरकलंय का, एवढं पाहून घ्या.

सगळ्यात घातक सल्ला झाकण मिटायचा. मुळात झाकण मिटलं की लॅपटॉप सहसा झोपतो, म्हणजे कामच थांबतं. ते टाळायला कंट्रोल पॅनलच्या पॉवर ऑप्शन्समध्ये झाकणासाठी ‘डू नथिंग’ निवडावं लागतं, आणि खरा धोका तिथूनच सुरू होतो. पुष्कळ लॅपटॉपांची गरम हवा बिजागरीजवळून बाहेर पडते आणि थोडी उष्णता कीबोर्डमधूनही जाते; झाकण मिटल्यावर ती स्क्रीनवरच साचते. मे महिन्यात भुसावळात दुपारी 44-45 अंश असताना आत येणारी हवाच तापलेली असते. लिथियम बॅटरी चार्ज करायची मर्यादा सहसा 45 अंश धरतात, म्हणजे चार्जर लावून झाकण मिटणं तर नकोच. झाकण उघडं ठेवा, लॅपटॉप गादीवर न ठेवता फरशीवर किंवा लाकडी पाटावर ठेवा. काम झालं की झाकणाची सेटिंग परत ‘स्लीप’वर आणा, ‘डू नथिंग’ तसंच राहिलं आणि लॅपटॉप चालू अवस्थेत बॅगेत गेला, तर चोपड्याहून जळगावला पोहोचेपर्यंत तो आतल्या आत तापत राहील.