किती जण आहात?

तबल्याच्या रियाजाला लेहरा लागतो आणि लेहऱ्याला माणूस लागतो. पेटीवर चंद्रकंस रागाची तीच ती ओळ तासभर धरून बसायचं, आणि शेवटी 'वा' मिळते ती तबलेवाल्याला. हे काम फुकट करणारी माणसं पूर्वी मिळायची. माझ्या ओळखीत दोघं होते, दोघांचीही लग्नं झाली. म्हणून मी लूप पेडल घेतलं. एकदा दाबलं की रेकॉर्डिंग सुरू, दुसऱ्यांदा दाबलं की तेवढा तुकडा गोल गोल फिरायला लागतो, तिसऱ्यांदा दाबलं की त्याच्यावर आणखी एक थर. २०२५ च्या जानेवारीत एड शीरन हा इंग्लिश गायक पुण्यात येऊन, एकटा स्टेजवर उभा राहून, हेच करून गेला.

उभा राहून. मुद्दा तिथेच आहे. ही वस्तू पायाने दाबायची असते आणि तबलजी मांडी घालून बसतो. मी डावा पाय डग्ग्याशेजारून बाहेर काढतो आणि अंगठ्याने दाबतो. त्या अवस्थेत मला कोणी पाहू नये अशी माझी इच्छा असते. शिवाय दाबायचं ते नेमकं समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. पाव मात्रा उशीर झाला की सोळाऐवजी सव्वासोळा मात्रांचा तीनताल तयार होतो आणि मग प्रत्येक आवर्तन पायरी चुकल्यासारखं समेवर आपटतं. थोर लोक असले पाव-अर्ध्या मात्रांचे ताल मुद्दाम वाजवतात. माझा आपोआप होतो.

तर रविवार, संध्याकाळचे पाच. (एक ते चार आपण वाजवत नाही. तेवढं पुणं अंगात मुरलंय.) चौदाव्या प्रयत्नात लेहरा बरोब्बर समेवर बंद झाला. सेकंदाला एक मात्रा, सोळा सेकंदांचं आवर्तन, अगदी गुळगुळीत. वर झांजेचा थर दिला. मग थर चढवणं चालू ठेवूनच कायदा धरला, म्हणजे बोलांची एक बांधीव रचना, धातीट धातीट धाधातीट, मग तिचीच उलटसुलट रूपं, म्हणजे पलटे, आणि हात असा काही पडत होता की तिसरा पलटा येईपर्यंत मी स्वतःवर खूश झालो होतो. नवव्या मात्रेला, म्हणजे जिथे टाळी नसते त्या बरोब्बर खालीला, बेल वाजली.

दारात खालच्या मजल्यावरचे काका.

पेडल बंद करायला दोनदा पटापट दाबावं लागतं आणि पायाला मुंग्या आल्या होत्या. तसाच लंगडत दाराशी गेलो. आत स्पीकर चालू, माइक चालू, थर चढणं चालू.

"किती जण आहात?" काकांनी विचारलं.

"कुठे?"

"आत."

"मी एकटाच आहे."

काका हसले. आयुष्यभर लोकांची खोटी बिलं तपासलेला माणूस हसतो तसं. "पेटी ऐकली मी. तबला ऐकला. टाळ ऐकले. आणि आत्ता तुम्ही माझ्यासमोर उभे आहात, तरी आत पेटी चालूच आहे. तबलाही चालू आहे. मग वाजवतंय कोण?"

याला उत्तर होतं, पण ते सुरू करण्याआधीच काकांनी बोटांवर मोजायला घेतलं. क्लास असेल तर तो व्यवसाय झाला, सोसायटीची परवानगी लागते. भाडेकरू असतील तर पोलीस व्हेरिफिकेशन आणि नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस. पाहुणे असतील तर त्यांच्या गाड्या कुठे लावल्यात?

तेवढ्यात आतून बेल वाजली. मग भारदस्त आवाजात कोणीतरी विचारलं, "किती जण आहात?"

काका गप्प झाले. "हे कोण?"

"तुम्हीच."

"मी इथे आहे."

हे नाकारता येण्यासारखं नव्हतं. आतून माझा आवाज आला, "मी एकटाच आहे." आणि खरं सांगतो, त्या स्पीकरमधून तो साफ खोटा वाटला.

"बघा," काका म्हणाले, "ते गृहस्थसुद्धा तेच विचारतायत. आणि तुम्ही त्यांनाही तेच सांगताय."

पुढच्या सोळा सेकंदांनी त्या गृहस्थांनी पुन्हा विचारलं. काका त्यांचं बोलणं संपेपर्यंत अदबीने थांबले, "बरोबर आहे," म्हणाले, आणि मग पार्किंगवर आले. हे "बरोबर आहे"ही थोड्या वेळाने आतून ऐकू आलं. त्याने ते आणखी पेटले. सगळी मिळून तीन मिनिटं झाली असतील. म्हणजे अकरा आवर्तनं, एकावर एक अकरा थर, आणि आत जणू सोसायटीची वार्षिक सभा चालली होती, चंद्रकंसात.

शेवटी त्यांना आत नेऊन ती साबणदाणीएवढी डबी दाखवली. म्हटलं, यात सगळं भरलं जातं. काकांनी डबी पाहिली, वाळत घातलेले कपडे पाहिले, बाथरूमच्या बंद दाराकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. म्हणाले, "टेपरेकॉर्डर आमच्याकडेही होता. पण त्यात भरायला कोणीतरी लागायचं. तुम्ही तर दारात होतात."

टेपरेकॉर्डरवरून आठवलं. साठच्या दशकात टेरी रायली नावाच्या अमेरिकन गृहस्थांनी दोन टेपरेकॉर्डरांतून एकच फीत ओढून हा प्रकार केला होता. एक यंत्र भरतंय, दुसरं तेच मागाहून वाजवतंय, आणि ते वाजलेलं पुन्हा पहिल्यात भरलं जातंय. पुढे १९७० मध्ये ते पंडित प्राणनाथांचे शागीर्द झाले. किराणा घराणं. म्हणजे लूपवाला माणूस फिरून फिरून शेवटी आमच्याच गल्लीत आला. हे मी काकांना सांगायला हवं होतं. पण त्यांनी रायलींची गाडी कुठे लावली होती हे विचारलं असतं.

आमच्याच बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर तीन आठवडे ड्रिल चाललंय. काकांची संध्याकाळची मालिका मला वरच्या मजल्यावर शब्दन् शब्द ऐकू येते, त्यातल्या सासूचं खरं रूप मला काकांच्या आधी कळलं होतं. ड्रिलला जाऊन कोणी विचारत नाही, किती जण आहात म्हणून. तबल्यालाच विचारतात. पेटी-तबला म्हटलं की घरात माणसं जमली असणार, चहा उकळत असणार, आणि हे सगळं आपल्याला न बोलावता चाललंय, असं लोकांना वाटतं. दुखणं बहुतेक ते आहे. बोलावलं असतं तर आले नसते.

काका गेल्यावर मी पुन्हा अंगठा पुढे केला. बटण दाबून धरलं की शेवटचा थर पुसला जातो. पण मधे बटण दाबलंच नव्हतं, म्हणून पेडलच्या लेखी काका आणि कायदा एकाच थरात. काका गेले तर तिसरा पलटाही जाणार. मी विचार करत बसलो, आणि आतून दर सोळा सेकंदांनी "गाड्या कुठे लावल्यात?" येत राहिलं. शेवटी रागाने दोनदा दाबलं आणि मग दाबून धरलं. या क्रमाने केलं की सगळंच पुसतं. लेहरासुद्धा. चौदावा प्रयत्न.

सोमवारी फलकावर नोटीस लागली. फ्लॅट क्रमांक ३०२ मध्ये किमान पाच व्यक्ती सामूहिक वादन करतात, सात दिवसांत लेखी खुलासा करावा. पेटी, तबला, टाळ आणि मी मिळून चारच होतात. पाचवा कोण ते मला बुधवारी लिफ्टमध्ये कळलं.

"खुलासा द्याल तेव्हा द्या," काका आवाज खाली आणून म्हणाले. "पण त्या दिवशी आत जे गृहस्थ होते ना, त्यांना पुढच्या मीटिंगला घेऊन या. मुद्द्याचं बोलतात."