कानाखाली येण्यापूर्वी

तुमच्या ओळखीच्या कुणाचा खून झाला असेल आणि तपास 'सीआयडी' मालिकेतल्या एसीपी प्रद्युम्न यांच्याकडे गेला असेल, तर सगळ्यात आधी घराचं दार उघडं ठेवा. सताड. कडी नको, लॅच नको, सेफ्टी डोअर तर मुळीच नको. इन्स्पेक्टर दया निघालेला असतो आणि सागवानाचा भाव तुम्हाला माहीत आहे. दार तोडायची सोय कायद्यातही आहे, नाही असं नाही. फक्त तिथे आधी आपण कोण, कशासाठी आलो ते सांगायचं, आत घ्या म्हणायचं आणि तरीही कुणी उघडलं नाही तरच खांदा लावायचा, असा क्रम दिलाय. 'सीआयडी'त एवढा वेळ कुणाला असतो? 21 जानेवारी 1998 ला सोनीवर सुरू झालेली ही मालिका 2018 मध्ये थांबली आणि डिसेंबर 2024 मध्ये परत आली. मधल्या काळात ज्यांनी हौसेने नवी दारं बसवून घेतली, त्यांच्याबद्दल मला सहानुभूती आहे.

दाराचं झालं, आता गालाचं. तुम्ही खून केलेला नाही हे मला मान्य आहे, पण त्याने काही फरक पडत नाही. सुरुवातीला ज्यांच्या कानाखाली बसते ते बहुतेक निर्दोषच असतात. खरा खुनी सापडायला अजून दोन ब्रेक जायचे असतात, तोवर दयाने हात खिशात घालून बसायचं का? तुम्ही एक खाता, कळवळून दुसऱ्याचं नाव सांगता, गाडी तिकडे वळते आणि तपास पुढे सरकतो. तुमची कुणी माफी मागेल असल्या भ्रमात राहू नका. दोन मिनिटांनी ते तुमचं नावही विसरलेले असतात. बाईमाणूस असाल तर काळजी नको, थप्पड मारायला महिला अधिकारी येईल. तेवढा नियम तिथे कसोशीने पाळतात.

'वकील' हा शब्द तोंडातून काढू नका. मालिकेत वकील मागतो तो खुनी तरी असतो किंवा खुन्याचा भागीदार. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये डी. के. बसू खटल्यात अटकेचे नियम घालून दिले: पोलिसाच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे, अटकेचा कागद करून त्यावर साक्षीदाराची सही घेतली पाहिजे, नातेवाइकाला कळवलं पाहिजे, कोठडीत दर 48 तासांनी डॉक्टरकडून तपासणी झाली पाहिजे. हे सगळं पडद्यावर दाखवायचं म्हटलं तर निम्मा भाग फॉर्म भरण्यातच जाईल, आणि डॉक्टर म्हणून आहेत ते न्यायवैद्यक प्रयोगशाळेतले साळुंखे. त्यांना जिवंत माणसात फारसा रस नाही. त्यांच्या नळीतलं पाणी निळं झालं की तुम्ही संपलात. मुंबईत कलिन्याला असलेल्या खऱ्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेतून अहवाल यायची वाट बघणाऱ्यांनी ही नळी कुठे मिळते ते जरूर विचारावं.

नार्को चाचणीला 'माझी संमती नाही' म्हणून बघणार असाल, तर तो 2010 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुम्हाला पाठ आहे, त्यांना नाही.

आपल्याकडे अडचणीत सापडलं की माणूस ओळख काढतो. साहेब कुठले, कुठल्या गावचे, आपल्यात कोण त्यांच्या ओळखीचं. इथे तो मार्ग बंद समजा. प्रद्युम्न साहेबांनी स्वतःच्या मुलाला, नकुलला, तो गुन्हेगारीत गेला म्हणून स्वतःच्या हाताने गोळी घातली आहे. मुलाच्याच प्रकरणात बापाने हातात पिस्तूल का घ्यायचं, हे काम दुसऱ्या अधिकाऱ्याकडे का दिलं नाही, त्या गोळीची चौकशी कोणी केली, असले रुक्ष प्रश्न तुम्ही विचारायचे नाहीत. तुम्ही रडायचं. आम्ही सगळे रडलोच होतो. त्या दिवसापासून त्यांच्या प्रत्येक दमदाटीमागे आपल्याला एक दुखावलेला बाप दिसायला लागला, आणि बापाने कुणाला किती मारलं याचा हिशेब आपल्या घरात कधी ठेवलाय? खून पचला, तिथे संशयिताच्या दोन थपडा म्हणजे किस झाड की पत्ती.

यात एसीपींचं काम करणाऱ्या शिवाजी साटमांचा चेहरा फार कामाला आला, हे मान्य केलंच पाहिजे. दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' बघितलेल्यांना तो तेव्हापासून ओळखीचा. आधी बँकेत नोकरी केलेला माणूस. हवेत बोटं फिरवत विचार करतो तेव्हा पासबुकातल्या नोंदीत फरक सापडल्यासारखा दिसतो. अशा माणसाच्या हाताखाली अन्याय होत असेल असं वाटतच नाही. हेच काम एखाद्या तांबारलेल्या डोळ्यांच्या नटाकडे दिलं असतं, तर आपण पहिल्याच आठवड्यात मानवी हक्क आयोगाचा पत्ता शोधला असता. 2025 मध्ये मालिकेत साहेबांना मारलं तेव्हा लोकांनी घरातलं माणूस गेल्यासारखा शोक केला. अर्थात ते परत आले. तुमच्या आनंदात विरजण नको, म्हणून त्यांनी मारलेल्यांपैकी कोण कोण परत आलं ते मी विचारत नाही.

आता कबुलीजबाब. तो पहिल्या थपडीलाच द्या, म्हणजे फ्लॅशबॅकला पुरेसा वेळ मिळतो. मालमत्तेचा वाद, जुनं प्रेम, भावाचा सूड, जे असेल ते सविस्तर सांगा. दयाचा हात शेवटी बरोबर माणसावर पडतो, कारण खुनी कोण हे लेखकाने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. गल्लीतल्या चौकीत तो लेखक नसतो, हात मात्र तसाच असतो. आणि दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, 'पोलिसी खाक्या दाखवताच आरोपी पोपटासारखा बोलू लागला', आणि आपण चहाचा घोट घेऊन पुढचं पान उलटतो.

बोलून झालं की साहेब तुम्हाला फाशी सुनावतील. ऐकून घ्या. शिक्षा न्यायालय देतं, सत्र न्यायालयाने फाशी दिली तरी उच्च न्यायालयाची मंजुरी लागते, असले फाटे तिथे फोडू नका. तुमची मान आहे, पण शॉट त्यांचा आहे. खरी गंमत अशी, की पोलिसासमोर दिलेली कबुली पुरावा म्हणून चालत नाही. हे 1872 च्या पुरावा कायद्यात होतं, 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नव्या कायद्यातही आहे. म्हणजे दयाने इतक्या मेहनतीने काढलेली कबुली कोर्टात कागदाच्या बोळ्याएवढीही कामाची नाही आणि तुम्ही चक्क सुटू शकता. उलट कबुलीसाठी मारणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. 1860 च्या दंड संहितेने या कलमाखाली पहिलंच उदाहरण दिलं होतं ते पोलिसाचं. इंग्रजांनाही दुसरं कुणी चटकन आठवलं नसावं. पण एवढ्यात पडद्यावर श्रेयनामावली सुरू झालेली असते, त्यामुळे कोर्टाचा भाग तुम्हाला स्वतःच्या खर्चाने काढावा लागेल.

एवढं करूनही मनातून राग जात नसेल आणि तक्रारच करायची असेल, तर पुण्याला जा. महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय तिथे आहे, आणि पोलीस कोठडीत कुणी मेलं तर त्याचा तपास आपल्या राज्यात त्याच खात्याकडे जातो. रिक्षावाल्याला मात्र पूर्ण पत्ता सांगा. नुसतं 'सीआयडी ऑफिस' म्हणालात तर तो मीटर टाकायच्या आधी विचारेल, दया भेटेल का हो तिथे, पोराला सेल्फी पाहिजे.